केशरबाईचं घर आणि कलेचे पाहुणे

आंबेखेडे, जि. धुळे
१० मार्च २०२५

चि. हिलाल यास शालिग्रामदादाचा आशीर्वाद.

फोन सोडून दादा पत्र का लिहितो, असं तुला वाटेल. कारण आहे. आपल्या गावाची निवड झाली! माती-नाती प्रतिष्ठान म्हणून एक मोठी संस्था आहे, ती कलावंतांना खेड्यात राहायला पाठवते. कलावंत गावात राहतो, गावच्या कलावंतांत मिसळतो, दोघं मिळून काहीतरी घडवतात. त्याला ‘कलावंत रहिवास’ म्हणायचं. खर्च सगळा प्रतिष्ठानचा. मला त्यांनी स्थानिक सल्लागार नेमलं आहे. शाळेतली कारकुनी संपली तेव्हा वाटलं होतं, आता नुसता पेपर वाचायचा आणि दुपारी झोपायचं. पण गुणांची कदर करणारे लोक अजून जगात आहेत. त्यांच्या शर्वाणी मॅडमचा आग्रह आहे की या कामातलं सगळं बोलणं हाताने लिहिलेल्या पत्रांतून व्हावं. फोनवरचं बोलणं भिंतीवर लावता येत नाही, पत्र लावता येतं. तेव्हा तूही जरा अक्षर सांभाळून लिही.

काम असं आहे. तुझं घर बंदच आहे. केशरकाकू डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सुरतेला गेली ती तिकडेच राहिली. इकडे बडोद्याची एक मुलगी येते आहे, चैताली नावाची, चित्रकार आहे. तिला दोन महिने तुझं घर दे. माझ्याकडे ठेवली असती, पण माझं घर स्लॅबचं, आणि मॅडमना मातीचं पाहिजे. किल्ली कोणा येणाऱ्याबरोबर पाठव.

आणि हो, गावातल्या कलावंतांची नावं कळव. मला इथे एकही सापडत नाही.

तुझा,
शालिग्रामदादा


लिंबायत, सुरत
१९ मार्च २०२५

ती. शालिग्रामदादास हिलालचा नमस्कार.

तुझं पत्र खात्यात, म्हणजे आमच्या कापडाच्या कारखान्यात, लूमवर उभ्याउभ्या वाचलं. तिथल्या खडखडाटात फोन असाही ऐकू येत नाही, तेव्हा पत्राचं बरंच झालं म्हणायचं.

गावातले कलावंत पाहिजेत? घे लिहून. संबळ वाजवणारा दगा इथेच सुरतेत गोडादऱ्यात राहतो, रात्रपाळीला लूम चालवतो. डफवाला लक्ष्मण माझ्याच गल्लीत आहे, रिक्षा फिरवतो. सोंगं काढणारा रामजी साड्यांच्या मिलमध्ये रंगाच्या बादल्या उचलतो. आणि कानबाई देवीची गाणी अख्खी पाठ असलेली बाई पाहिजे असेल तर ती माझी माय, आत्ता माझ्या पाठीशी बसून विचारतेय की शालिग्राम काय म्हणतो. तुझ्या मॅडमना सांग, खेड्यातली कला बघायची असेल तर भुसावळ पॅसेंजरला सुरतेकडे तोंड करून बसा. खेडं सगळं इकडे आलंय. तिकडे फक्त तू उरलास, आणि तू जन्मात कधी टाळसुद्धा हातात धरला नाहीस.

आता किल्लीचं. मी नाहीच म्हणत होतो. पण माय म्हणाली, बंद घरात उंदरांचं फावतं, पोरगी राहिली तर झाडलोट तरी होईल. एक अट आहे, ती नीट वाच. मायला आता चांगलं दिसतं. इथे तिला करमत नाही. दुसऱ्या मजल्यावरची खोली, खाली कारखाना, माठातलं पाणीसुद्धा दिवसभर थरथरत असतं. रोज तिचं एकच, “माले मना घर जानं शे.” मी तिला शब्द दिलाय की श्रावणात आपण सगळे कानबाई बसवायला गावी जाऊ आणि मी तुला तिथेच ठेवून येईन. तेव्हा श्रावण लागायच्या आत घर रिकामं पाहिजे. किल्ली दगाच्या मेव्हण्याबरोबर पाठवतो आहे.

हिलाल

ता. क. हे पत्र भिंतीवर लावणार असशील तर टाळाची ओळ दिसेल असं लाव.


आंबेखेडे
२ मे २०२५

चि. हिलाल,

कळवण्यास अत्यंत आनंद होतो की तुमचं घर आता घर राहिलेलं नाही, तो एक अवकाश झाला आहे. हा मॅडमचा शब्द. काय अर्थ ते मी विचारलं नाही, सल्लागाराने विचारायचं नसतं.

चैताली फार कष्टाळू मुलगी आहे. पुढच्या खोलीत तिने काकूची सगळी भांडी, परात, पातेली, कळशी, तवा, बारीक दोऱ्यांनी आढ्याला टांगली आहेत. वारा आला की ती एकमेकांवर आपटून वाजतात. नाव दिलंय ‘पोटापासून दूर’. धुळ्याहून एक प्राध्यापक बघायला आले होते, ते रडले. मागच्या खोलीतली चूल जागेवरून हलवली आहे. घाबरू नकोस, काढली नाही. छातीएवढा चौथरा बांधून तिच्यावर ठेवली आणि वरून दिवा सोडला आहे. चूल जन्मभर पायाशी राहिली, तिला मान मिळावा असा विचार आहे. एक भिंत काळी केली. मधलं दार काढलं. बाकी घर जसंच्या तसं आहे.

मॅडम म्हणतात, मुदत थोडी वाढवावी. मी हो म्हणालो. किती ते नंतर कळवतो.

शालिग्रामदादा


लिंबायत
१२ मे २०२५

दादा,

तुझं पत्र मायला वाचून दाखवलं, ती माझी चूक. भांडी टांगल्याचं तिने ऐकून घेतलं. चुलीचं ऐकल्यावर ताडकन उठून बसली. “मनी चूल छातीवर? मंग भाकर कशी करानी, शिडी लाईसन?” इंदूला सासूसमोरच हसू फुटलं, तर माय तिच्यावरही तापली आणि दुपारचं जेवलीच नाही.

चुलीला मान मिळाला म्हणतोस. एवढी हौस असेल तर वहिनीचा गॅस नेऊन ठेव ना माळ्यावर, आणि खालून बघत बस. आणि मुदत वाढवायला हो म्हणणारा तू कोण रे? घर माझं, भांडी मायची, आणि हो म्हणायला तू! सल्लागार झालास म्हणजे काय मालक झालास?

त्या पोरीवर माझा राग नाही. तिला कोणीतरी सांगितलं असेल की घर कोणाचंच नाही. जून संपायच्या आत भांडी खाली, चूल खाली, दार जागेवर. काळ्या भिंतीचं आमचं आम्ही बघू.

हिलाल


आंबेखेडे
५ जून २०२५

चि. हिलाल,

तुझी ती भाषा! मॅडमनी पत्र वाचलं आणि त्यांना फार आवडलं. “किती जिवंत राग आहे,” म्हणाल्या. फ्रेम करायला धुळ्याला दिलं आहे.

आता डोकं थंड ठेवून वाच. एप्रिलमध्ये मॅडमनी एका कागदावर घरमालकाची सही मागितली. तू सुरतेला, काकू सुरतेला, तेव्हा भाऊबंद म्हणून मी केली. त्यात अकरा महिने असं लिहिलं होतं. त्या दिवशी मी चष्मा घरी विसरलो होतो. थोडक्यात, घर होळीपर्यंत रहिवासाकडे आहे.

पण मार्ग निघतो. पावसाळी फेरीसाठी अर्ज मागवले आहेत. ज्या कलावंताची निवड होते त्याला त्याच घरात राहायला मिळतं, शिवाय जेवणखाण. काकू गातेच. तिच्या नावाने अर्ज कर. सगळं पारदर्शक आहे. निवड समितीवर मीही आहे, तेव्हा संकोच करू नकोस.

शालिग्रामदादा


लिंबायत
१४ जून २०२५

माती-नाती प्रतिष्ठानच्या निवड समितीस,

विषय: आमच्याच घरात आम्हाला राहू देण्याबाबत.

अर्जदार केशरबाई, राहणार आंबेखेडे, सध्या नाइलाजाने लिंबायत. कलेचं माध्यम काय असं आपण विचारलं आहे, तर तोंड. जागेशी नातं काय, तर अर्जदार लग्न होऊन याच जागेत आली, तिची लेकरं इथेच झाली, आणि ज्या भिंतीला आपण काळा रंग दिला ती तिने दर दिवाळीला स्वतःच्या हाताने सारवली. इथे राहून काय घडवणार? भाकरी. कोणतं साहाय्य लागेल? चूल खाली पाहिजे. आपल्या वास्तव्याने गावात काय बदल होईल? एका घरात संध्याकाळी चूल पेटेल. कामाचा नमुना जोडा म्हणता, तर अर्जदाराचा मुलगा जोडला आहे. बारा तास उभा राहतो, टिकाऊ आहे, धुतल्यावर रंग जात नाही.

दादा, हे खालचं फक्त तुला. वर चेष्टा केली, पण अर्ज खरा आहे. स्वतःच्या घरासाठी अर्ज लिहिताना मला लाज वाटली. माय रोज विचारते, उत्तर आलं का? तिला वाटतं सरकारी काम आहे, उशिरा का होईना, होईल. तू समितीवर आहेस. तुझ्या काकूचं एवढं एक काम कर. मी पाया पडतो म्हण हवं तर.

हिलाल


आंबेखेडे
८ जुलै २०२५

चि. हिलाल,

अर्ज उत्कृष्ट होता. समितीने दोनदा मोठ्याने वाचला. परंतु निवड होऊ शकली नाही. अडचण पत्त्याची. रहिवास ग्रामीण कलावंतांसाठी आहे आणि काकूचा पत्ता सुरत शहराचा. म्हणजे नियमाने काकू शहरी ठरते. चैताली मार्चपासून सलग गावात आहे, त्यामुळे ती ग्रामीण. तिचीच निवड पुन्हा झाली.

मी तुमची बाजू मांडली नाही असं समजू नकोस. मॅडम म्हणाल्या, काकूंनी आधी सहा महिने गावात राहावं आणि मग अर्ज करावा. मी विचारलं, गावात कुठे राहावं? तेवढ्यात चहा आला.

आता आनंदाची बातमी. ३ ऑगस्टला, कानबाईच्या रविवारी, त्याच घरात आपण खुला दिवस ठेवला आहे. देणगीदार मोटारी घेऊन येणार. पत्रिका सोबत जोडली आहे. त्यातली शेवटची ओळ माझ्या सूचनेवरून घातली आहे: ‘कानबाईच्या रोटांचं सामूहिक भोजन, सर्वांना आमंत्रण’. मॅडम या कल्पनेवर बेहद्द खूश आहेत. काकूने पाहुणी कलावंत म्हणून यावं, दोन गाणी म्हणावीत. शाल देऊ.

शालिग्रामदादा


लिंबायत
१६ जुलै २०२५

दादा,

पत्रिका वाचली. मायला वाचून दाखवली नाही, तिची तब्येत मला हवी आहे.

कानबाईचे रोट, आणि सर्वांना आमंत्रण! अरे, तू भाऊबंदच ना आमचा? का तेही अकरा महिन्यांसाठी कोणाला देऊन बसलास? देवीच्या नावाने पीठ मळतात, त्याचे रोट होतात, आणि ते भाऊबंदांखेरीज कोणाच्या तोंडात जात नाहीत. घरातच खायचे आणि घरातच संपवायचे. आपण शेजाऱ्याला देत नाही, जावयाला देत नाही, आणि तू मोटारवाल्यांच्या पंगती बसवल्यास. एवढं चुकायला साधा माणूस पुरत नाही, त्याला सल्लागारच लागतो.

आम्ही येतोय. लिंबायतचे, गोडादऱ्याचे सगळे भाऊबंद, बायकापोरांसकट, लक्झरी बस करून. खात्याच्या शेठने सुट्टी दिली. खानदेशी माणूस कानबाईला थांबत नाही, हे इथल्या शेठलोकांना कळून चुकलंय. कानबाई आपल्या घरात बसते, आपल्याच घरात बसेल. शाल तू पांघर.

हिलाल


आंबेखेडे
१२ ऑगस्ट २०२५

हिलाल,

हे पत्र भिंतीवर जाणार नाही, तेव्हा स्पष्ट लिहितो. तू केलंस ते बरं केलं नाहीस.

रविवारी सकाळी मी तोरण बांधत होतो आणि तुमची लक्झरी येऊन उभी राहिली. तासाभरात सगळी भांडी आढ्यावरून खाली, आणि त्यांत पुरण शिजतंय! रामजीने चौथरा फोडला, चूल जमिनीवर आणली. आणि ती चैताली, जिने हे सगळं उभं केलं, ती स्वतः स्टुलावर चढून दोरे कापत होती. वर हसत होती. काळ्या भिंतीपुढे तुम्ही कानबाई बसवली, दगाने संबळावर टिपरी टाकली, काकू गायला लागली. देणगीदार आले, त्यांना वाटलं हाच कार्यक्रम. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. इथपर्यंत माझीही मान ताठ होती.

मग जेवायची वेळ झाली आणि काकू उंबऱ्यात आडवी बसली. भाऊबंदांशिवाय कोणी आत यायचं नाही म्हणाली. अरे, देणगीदार ओट्यावर केळीची पानं मांडीवर घेऊन बसले होते! शेवटी माझ्या बायकोने सगळ्यांना पोहे करून घातले. ती अजून माझ्याशी बोलत नाही.

सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं, मंगळवारी तुम्ही गेलात, आणि काकूला मागे ठेवलंत. काकूने मॅडमना सांगितलं की रोट संपेपर्यंत घर सोडता येत नाही आणि परक्या माणसाला तिथे राहता येत नाही. मॅडमनी ते लिहून घेतलं. परंपरेचा सन्मान व्हायला हवा म्हणाल्या आणि चैतालीला तिच्या रंगांच्या डब्यांसकट माझ्या वरच्या खोलीत आणून टाकलं. आता माझा पेपर माझ्याआधी ती वाचते.

अरे, पौर्णिमा होऊन गेली. पौर्णिमेनंतर रोट ठेवत नाहीत, हे तुलाही ठाऊक आहे. काकू म्हणते, मला दात नाहीत, मी चिमूटभर खाते. मॅडम रोज फोन करून विचारतात, किती राहिले? माझी पार शोभा झाली आहे. येऊन तिला घेऊन जा.

शालिग्राम


लिंबायत
२१ ऑगस्ट २०२५

दादा,

मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे. मॅडमना कुठे ठाऊक आहे? जा, सांग त्यांना. पण मग रोट परक्याला चालत नाहीत, हेही तुला ठाऊक होतं हे उघड होईल. ते पत्रिका छापताना तुला माहीत नव्हतं का, असं त्या विचारतील. मग सही कोणी केली ते निघेल. मग चष्म्यापर्यंत गोष्ट जाईल.

घाई असेल तर एक सरळ रस्ता आहे. तू भाऊबंद आहेस, रोट खायचा तुझा हक्क आहे. तुझ्या काकूसमोर मांडी घालून बस आणि असतील तेवढे संपव. ती तुला नाही म्हणू शकत नाही, मीही म्हणणार नाही. एका बैठकीत घर मोकळं होईल, मॅडम खूश, तुझा पेपर तुला परत.

मी येऊ शकत नाही. कानबाईला दोन दिवस जास्त लागले, तर शेठने माझ्या मशीनवर दुसरा माणूस लावायला घेतला होता. हातापाया पडून परत मिळवली. मायला एकटीला तिथे सोडून आलोय, माझा जीव थाऱ्यावर नाही. तिला तिच्या घरात बघितलं ना, चुलीपुढे बसून मला शिव्या देत होती. वर्षभरात ती अशी खूश मी बघितली नव्हती. आता तिला तिथून उठवायचं की नाही, ते तुझ्या हातात आहे. तुझ्या तोंडात म्हण.

हिलाल


आंबेखेडे
१० सप्टेंबर २०२५

चि. हिलाल यास आशीर्वाद.

मॅडम परवा येऊन गेल्या. रोटांची चौकशी झाली. मी आत जाऊन पाहणी केली. एकंदर परिस्थिती लक्षात घेता रहिवास यापुढे माझ्या घरी चालवायचं ठरलं आहे. वरच्या खोलीला बाहेरून माती लिंपणार आहेत, म्हणजे ती मातीची दिसेल. जुना कागद रद्द करून नवीन केला. या वेळी चष्मा लावला होता.

काकूची प्रकृती ठीक आहे. अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

शालिग्रामदादा


आंबेखेडे
१४ सप्टेंबर २०२५

चि. हिलालला मायचा आशीर्वाद.

अक्षर चैतालीचं आहे, बोलणं माझं. हिला आपली बोली लिहिता येत नाही म्हणते, म्हणून शाळेतल्यासारखं लिहितेय. तू आपलं समजून घे. पोरगी चांगली आहे, फक्त तिला भांडी कुठे ठेवतात ते कोणी शिकवलं नव्हतं. आता येऊन घासून जाते.

शालिग्रामचं पत्र तुला आलं असेल. झालं ते त्यात नसेल, म्हणून हे लिहून घेतेय.

ती मॅडम गाडी घेऊन आली आणि ओट्यावर उभी राहिली. शालिग्रामला म्हणाली, तुम्ही यांच्या घरातलेच आहात ना, तुम्हाला चालतं ना, मग आत जा आणि आज काय असतील ते खाऊन संपवा, आम्हाला पुढची माणसं आणायची आहेत. तो आत आला. चपला बाहेर काढल्या, एवढी अक्कल होती. माझ्याकडे बघेना. भिंतीकडे बघून म्हणाला, काकू, रोटांचा डबा दे.

हिलाल, तुलासुद्धा सांगितलं नव्हतं, रोट पौर्णिमेलाच संपले. मॅडमला मी गुंडाळीन, तुझ्या शेठला गुंडाळीन, पण कानबाईशी खोटं करीन होय? शेवटचा तुकडा त्या दिवशी पाण्यात भिजवून खाल्ला, आणि डबा तसाच फडक्यात बांधून फळीवर ठेवला. लोकांना बांधलेला दिसत होता, तेवढं पुरत होतं.

त्यानेच फळीवरून काढला. उचलतानाच त्याला कळलं असणार. तरी खाली बसला, गाठ सोडली, झाकण काढलं, आत बघितलं. रिकाम्या डब्यात माणूस किती वेळ बघेल! बाहेरून मॅडम विचारतेय, किती आहेत हो? मी मनात म्हटलं, संपलं सगळं. आता हा सांगतो आणि मी पुन्हा सुरतेच्या गाडीत. त्याचा मला रागही आला नाही, इतकी मी घाबरले होते.

शालिग्रामने झाकण लावलं. फडक्याला माझ्यापेक्षा घट्ट गाठ मारली. डबा दोन्ही हातांनी उचलून, जड असल्यासारखा, माझ्या मांडीवर ठेवला. मग ओट्यावर गेला आणि त्या बाईला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, “पुष्कळ आहेत हो अजून. काकूला दात नाहीत. दोन-तीन वर्षं तरी लागतील.”